विश्लेषण : सीएनसी यंत्र बिघडते की आकडा चुकतो? दोष शोधण्याचा योग्य क्रम कोणता?

कालपर्यंत बरोबर निघणारा जॉब आज मापात बसत नाही. टूल वर उचलले जाण्याऐवजी थेट क्लॅम्पवर आदळते. वीज जाऊन आल्यावर पडद्यावर अलार्म झळकतो आणि यंत्र जागचे हलत नाही. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील लहान-मोठ्या कारखान्यांना असे प्रसंग नवे नाहीत. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर आणि दुसरा ऑपरेटरवर घेतला जातो. प्रत्यक्षात यंत्र बहुतेक वेळा दिलेल्या आकड्यांप्रमाणेच चाललेले असते. चुकीचा आकडा प्रोग्रॅममध्ये आहे, ऑफसेटमध्ये आहे की पॅरामीटरमध्ये, हे ठरावीक क्रमाने शोधले तर वेळ, पैसा आणि कधी कधी हातपायही वाचतात.

सीएनसी म्हणजे नेमके काय?

धातू कापणाऱ्या यंत्राचे चाक हाताने फिरवण्याऐवजी त्याला आकड्यांनी हुकूम द्यायचा, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पुढे आली. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्राकार नमुने बनवण्याच्या कामातून जॉन पार्सन्स यांनी ती मांडली. अमेरिकी हवाई दलाने १९४९मध्ये त्यांना या कामाचे कंत्राट दिले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने १९५२मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली आणि ‘न्यूमरिकल कंट्रोल’च्या आधी ‘कॉम्प्युटर’ हा शब्द लागला. आज आपल्याकडे लेथ, व्हीएमसी, ग्राइंडिंग यंत्र, लाकडावर नक्षी कोरणारे राऊटर असे सारे प्रकार या पद्धतीवर चालतात. बहुतेकांची भाषा एकच, ती म्हणजे जी-कोड. ‘जी’ने सुरू होणारे शब्द टूल कसे हलायचे ते सांगतात, तर ‘एम’ने सुरू होणारे शब्द स्पिंडल, कूलंट यांसारख्या गोष्टी चालू-बंद करतात. या भाषेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. मात्र फानुक, सीमेन्स, मित्सुबिशी, हायडेनहाइन अशा प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलची बोली थोडी वेगळी असते आणि अनेक अडचणींचे मूळ या वेगळेपणात असते.

एका हालचालीमागे किती आकडे असतात?

समजा प्रोग्रॅममध्ये टूलला ‘झेड २ मिलिमीटरवर जा’ असे सांगितले आहे. एवढ्यावरून यंत्राला काहीच कळत नाही. हे दोन मिलिमीटर कुठून मोजायचे? त्यासाठी जॉबचा शून्यबिंदू लागतो. तो जी५४ ते जी५९ यांपैकी एखाद्या ‘वर्क ऑफसेट’मध्ये भरलेला असतो. टूल किती लांब आहे? ते ‘टूल लेंग्थ ऑफसेट’मध्ये असते. मोटर किती फिरली म्हणजे टेबल एक मिलिमीटर सरकते, टेबलाची हद्द कुठे संपते, यंत्राचे स्वतःचे शून्य कुठे आहे, हे सारे पॅरामीटरमध्ये असते. म्हणजे एका हालचालीमागे तीन थर आहेत. प्रोग्रॅम जॉबप्रमाणे बदलतो, ऑफसेट रोजच्या सेटिंगप्रमाणे बदलतो आणि पॅरामीटर सहसा यंत्र बसवताना एकदाच ठरतात.

दोष शोधण्याचे पहिले सूत्र यातूनच मिळते. आज नेमके काय बदलले, ते आधी पाहायचे. प्रोग्रॅम नवा असेल तर संशय प्रोग्रॅमवर. प्रोग्रॅम जुना असून टूल, इन्सर्ट किंवा व्हाइस बदलली असेल तर संशय ऑफसेटवर. या दोन्हींना हात लागला नसेल आणि वीज गेली, बॅटरी संपली किंवा दुरुस्तीवाला येऊन गेला असेल, तर संशय पॅरामीटरवर. यांपैकी काहीच घडले नसेल तर मग बेअरिंग, बॉल स्क्रू, केबल यांच्याकडे वळायचे. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी कव्हर उघडले जाते आणि प्रोग्रॅम सर्वात शेवटी वाचला जातो.

दशांशचिन्ह विसरले तर काय होते?

फानुक पद्धतीच्या अनेक कंट्रोलवर दशांशचिन्हाशिवाय लिहिलेला आकडा मिलिमीटर न मानता यंत्राच्या सर्वात लहान एककात, म्हणजे सहसा ०.००१ मिलिमीटरमध्ये मोजला जातो. त्यामुळे ५०च्या पुढे टिंब दिले तर ५० मिलिमीटर आणि टिंब राहिले तर फक्त ०.०५ मिलिमीटर. भोकाची खोली उणे २५ लिहिताना टिंब राहिले तर ड्रिल पृष्ठभागाला जेमतेम टेकून परत येते. नुकसान काही होत नाही, भोक पडत नाही एवढेच.

धोका उलट्या दिशेला आहे. काम संपल्यावर टूल १०० मिलिमीटर वर न्यायचे आहे आणि १००च्या पुढचे टिंब राहिले, तर टूल जॉबपासून केवळ ०.१ मिलिमीटर वर थांबते. पुढची ओळ त्याला पूर्ण वेगाने आडवे नेते आणि वाटेत क्लॅम्प असतो. कारखान्याच्या भाषेत ज्याला ‘ॲक्सिडेंट’ म्हणतात, तो असा एका टिंबाने होतो.

टिंब नसलेला आकडाही मिलिमीटरच मानावा, अशी सोय या कंट्रोलमध्ये पॅरामीटर बदलून करता येते. पण एकाच कारखान्यात एका यंत्रावर ही सोय चालू आणि शेजारच्या यंत्रावर बंद असेल, तर तोच प्रोग्रॅम एका ठिकाणी चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी ठोकतो. ‘या मशीनवर तर बरोबर चालला होता’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. इंच-मिलिमीटरचा गोंधळही याच जातीचा. जी२० म्हणजे इंच आणि जी२१ म्हणजे मिलिमीटर. परदेशी ग्राहकाच्या जॉबनंतर यंत्र इंचात राहिले तर प्रत्येक माप २५.४ पट होते. बहुतेक वेळा हद्द ओलांडल्याचा अलार्म येऊन यंत्र थांबते, पण जॉब लहान असेल तर तेवढा दिलासाही मिळत नाही.

आधीचा हुकूम कायम राहतो म्हणजे काय?

जी-कोडमधील बरेच हुकूम एकदा दिले की रद्द करेपर्यंत लागू राहतात. यांना ‘मोडल’ हुकूम म्हणतात. जी९० म्हणजे मापे शून्यबिंदूपासून मोजायची, तर जी९१ म्हणजे टूल आता आहे तिथून पुढे मोजायची. टूल घरी, म्हणजे यंत्राच्या शून्यावर, परत नेण्यासाठी बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘जी९१ जी२८ झेड०’ अशी ओळ असते. त्यानंतर जी९० लिहायचे राहिले तर पुढचे प्रत्येक माप ‘इथून पुढे’ असे धरले जाते आणि टूल भलतीकडे निघते.

हीच ओळ जी९० चालू असताना लिहिली तर आणखी वेगळा प्रकार होतो. जी२८ या हुकुमात टूल थेट घरी जात नाही, आधी दिलेल्या मधल्या बिंदूवर जाते. जी९० चालू असताना ‘झेड०’ हा मधला बिंदू म्हणजे जॉबचे शून्य. टूल वर जाण्याआधी पूर्ण वेगाने जॉबच्या शून्यापर्यंत खाली येते. शून्य जॉबच्या तळाशी धरले असेल तर काय होईल, हे सांगायला नको. ड्रिलिंगची सायकल जी८०ने रद्द केली नाही आणि पुढे नुसते एक्स-वायचे आकडे आले, तर त्या प्रत्येक ठिकाणी भोक पडते.

यातला सर्वात फसवा प्रसंग म्हणजे मध्येच थांबवलेला प्रोग्रॅम मधूनच पुन्हा सुरू करणे. इन्सर्ट तुटला म्हणून यंत्र थांबवले, इन्सर्ट बदलला आणि कर्सर मधल्या ओळीवर नेऊन ‘सायकल स्टार्ट’ दाबले. वरच्या ओळींमध्ये दिलेले शून्यबिंदू, टूलची लांबी, स्पिंडलचा वेग यांचे हुकूम या वेळी वाचलेच गेले नाहीत. रिसेटनंतर त्यातले काय टिकते आणि काय पुसले जाते, हेही पॅरामीटरवर अवलंबून असते. म्हणून जाणकार सेटर मधूनच सुरुवात करत नाहीत, त्या टूलचा भाग जिथून सुरू होतो त्या ओळीपासून करतात. प्रोग्रॅमरनेही प्रत्येक टूलच्या सुरुवातीला सारे आवश्यक हुकूम पुन्हा लिहावेत. जुनी भरपाई आणि सायकल रद्द करणारी जी४०, जी४९, जी८० ही ओळ त्यासाठीच असते.

ऑफसेटमधील चूक महागात का पडते?

प्रोग्रॅम अनेकांच्या नजरेखालून जातो, तपासून ठेवलेला असतो. ऑफसेट मात्र पाळी चालू असताना, घाईत, एकाच माणसाच्या बोटाने भरला जातो. समजा पाच नंबरचे टूल १२० मिलिमीटर लांब आहे आणि चार नंबरचे ९५ मिलिमीटर. प्रोग्रॅमने टूल पाच नंबरचे मागवले, पण लांबी घेताना ‘एच ४’ लिहिले गेले. कंट्रोलच्या हिशेबात टूल २५ मिलिमीटर आखूड आहे. त्याला जॉबच्या दोन मिलिमीटर वर थांबायला सांगितले, तर टूलचे टोक जॉबच्या २३ मिलिमीटर आत जाऊ पाहते. तेही कापण्याच्या वेगाने नव्हे, रॅपिड वेगाने.

लेथवर नेहमी घडणारी चूक ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ या दोन कळांची. समजा व्यास ५०.०० हवा आहे, येतो आहे ५०.०४ आणि वेअर ऑफसेटमध्ये आधीचे उणे ०.१० आहेत. उणे ०.०४ टाकून ‘प्लस इनपुट’ दाबले तर आकडे मिळवले जातात, उणे ०.१४ होतात आणि पुढचा जॉब ५०.०० निघतो. नुसते ‘इनपुट’ दाबले तर जुना आकडा पुसला जाऊन तिथे उणे ०.०४ बसतात आणि व्यास ५०.१० निघतो. जॉब मोठा निघाला म्हणून ऑपरेटर आणखी आकडे टाकतो आणि गुंता वाढतो. यावर उपाय सोपा आहे. बदल केल्यावर पडद्यावरचा आधीचा आणि नंतरचा आकडा पाहून वहीत लिहायचा.

फानुक कंट्रोलवर जी५४च्या आधी ‘ईएक्सटी’ नावाची एक ओळ असते. तिथे भरलेला आकडा जी५४ ते जी५९ या सगळ्यांत मिळवला जातो. ड्राय रनसाठी कुणीतरी तिथे झेडला ५० मिलिमीटर टाकले आणि काढायला विसरले, तर टूल हवेतच फिरत राहते. हे परवडले. एखाद्याने या ओळीतल्या आकड्यासह सगळे सेटिंग केले आणि पुढच्या पाळीने ती ओळ पुसून टाकली, तर मात्र टूल तेवढेच खाली येते. सारे काही बरोबर दिसत असूनही सगळ्या टूलना सारखाच फरक येत असेल, तर ही ओळ आधी पाहावी.

लेथवर वेगाचा हुकूम धोकादायक कधी ठरतो?

जी९६ या हुकुमात कापण्याचा वेग कायम ठेवला जातो. व्यास कमी होईल तसे स्पिंडलचे फेरे कंट्रोल वाढवत नेतो. मिनिटाला २०० मीटर हा वेग धरला तर ५० मिलिमीटर व्यासाला सुमारे १,२७३ फेरे लागतात, १० मिलिमीटरला सुमारे ६,३६६. टूल मध्यबिंदूकडे जाते तेव्हा हिशेबाने फेऱ्यांना अंतच राहत नाही आणि यंत्र आपल्या कमाल वेगापर्यंत जाते. वेग वाढतो तशी चकच्या जबड्यांची पकड सैल होत जाते आणि जड किंवा वेडावाकडा जॉब चकमधून उडू शकतो. म्हणून जी९६च्या आधी कमाल फेऱ्यांची मर्यादा द्यावी लागते. फानुक पद्धतीच्या अनेक लेथवर ती जी५० आणि एस या हुकुमाने देतात. ही ओळ राहिली तर कुठलाही अलार्म येत नाही. यंत्राच्या दाराचा सुरक्षा स्विच वायर जोडून निकामी केलेला असेल, तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशीच गाठ पडते.

फीडचा घोळ तुलनेने साधा, पण गोंधळात टाकणारा आहे. लेथवर फीड सहसा एका फेऱ्यामागे धरतात, उदाहरणार्थ ०.२ मिलिमीटर. कंट्रोल मिनिटामागच्या फीडवर राहिला असेल तर तोच आकडा मिनिटाला ०.२ मिलिमीटर होतो आणि टूल जागीच उभे असल्यासारखे वाटते. यंत्र अडकले असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते आणि खरे उत्तर जी९८ की जी९९ एवढेच असते.

बॅटरी संपली तर यंत्र ‘विसरते’ म्हणजे काय?

अनेक कंट्रोलमध्ये पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असतात. मोटरच्या मागे बसवलेल्या ॲब्सोल्यूट एन्कोडरलाही यंत्र बंद असताना जागा लक्षात ठेवण्यासाठी बॅटरी लागते. पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकू लागली तरी यंत्र चालत असते, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष होते. मग एखाद्या लांब सुट्टीनंतर यंत्र चालू केले की ‘झिरो रिटर्न करा’ असा अलार्म येतो किंवा सारे पॅरामीटरच गेलेले असतात. बॅटरी वर्षातून एकदा बदलावी आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवावा, हा साधा नियम आहे. यंत्र बंद करून एन्कोडरची बॅटरी काढली तर शून्य जाते.

गेलेले शून्य पुन्हा ठरवणे हे अंदाजाचे काम नव्हे. बॉल स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल १० मिलिमीटर सरकत असेल आणि शून्य ठरवताना एका फेऱ्याची चूक झाली, तर संपूर्ण अक्ष १० मिलिमीटरने सरकतो. जुने वर्क ऑफसेट निरुपयोगी होतातच, शिवाय टूल बदलण्याची जागाही सरकते आणि टूल बदलणारा हात स्पिंडलला अडतो. म्हणून यंत्र चांगले चालत असतानाच शून्यावर उभे करून अक्षांवर बारीक खुणा करून ठेवतात. पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम आणि पीएमसीची माहिती कार्डवर किंवा संगणकावर घेऊन दोन ठिकाणी ठेवली, तर दिवसांचे काम तासांवर येते. यंत्रासोबत आलेला पॅरामीटरचा छापील कागद अनेक ठिकाणी कंट्रोलच्या कपाटाच्या दारातच असतो. तो जपावा. एका यंत्राचे पॅरामीटर दुसऱ्या ‘तशाच’ यंत्रात भरणे मात्र टाळावे, कारण शून्य, हद्दी आणि बॅकलॅशची भरपाई प्रत्येक यंत्राची वेगळी असते.

संगणकावर बरोबर, मग यंत्रावर चूक का?

आता बरेच प्रोग्रॅम हाताने लिहिले जात नाहीत, कॅम सॉफ्टवेअर ते तयार करते. सॉफ्टवेअरमधला टूलचा मार्ग आणि यंत्राला कळणारा जी-कोड यांच्यामध्ये ‘पोस्ट प्रोसेसर’ नावाचा दुभाषा असतो. तो चुकीच्या कंट्रोलसाठी निवडला असेल तर पडद्यावर सुंदर दिसणारा जॉब यंत्रावर बिघडतो. ठळक उदाहरण वर्तुळाचे आहे. कंसाचा मध्यबिंदू आय आणि जे या अक्षरांनी सांगतात. फानुकवर तो कंसाच्या सुरुवातीपासून मोजला जातो. राऊटरसाठी वापरल्या जाणाऱ्या मॅक-३सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो जॉबच्या शून्यापासूनही मोजता येतो आणि तसे सेटिंग असते. प्रोग्रॅम एका रीतीचा आणि सेटिंग दुसऱ्या रीतीचे असेल, तर लहानशा गोलाईच्या जागी यंत्र भलेमोठे वर्तुळ काढू लागते. पडद्यावर मार्ग असा दिसला तर आय-जेचे सेटिंग आधी तपासावे.

प्रोग्रॅम यंत्रात पाठवतानाही अडचणी येतात. जुन्या यंत्रांवर अजून आरएस-२३२ केबल वापरतात. संगणक आणि कंट्रोल या दोन्हींवर वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट एकसारखे हवेत. ते जुळले नाहीत तर अक्षरे तुटतात किंवा फानुकवर ०८५ ते ०८७ या गटातले अलार्म येतात. प्रोग्रॅमच्या सुरुवातीचे आणि शेवटचे टक्क्याचे चिन्ह राहिले तरी तो नीट आत जात नाही. केबल काढता-घालताना दोन्ही बाजू बंद ठेवाव्यात आणि अर्थिंग नीट असावे, नाहीतर पोर्ट जळतो.

लहान राऊटरचे दुखणे वेगळे का?

फर्निचर, नावाच्या पाट्या, देव्हाऱ्यांची नक्षी यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त राऊटरमध्ये बहुधा स्टेपर मोटर असते. तिला ‘इतक्या पायऱ्या चाल’ असे सांगितले जाते आणि ती चालली की नाही हे कंट्रोल तपासत नाही. एका फेऱ्याच्या २०० पायऱ्या, ड्राइव्हवर प्रत्येक पायरीचे १० भाग आणि स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर असेल, तर एका मिलिमीटरला ४०० पल्स हा हिशेब येतो. ड्राइव्हवरचा स्विच चुकून ८ भागांवर राहिला तर १०० मिलिमीटरच्या जागी यंत्र १२५ मिलिमीटर जाते. सेटिंग बरोबर असूनही वेग किंवा प्रवेग जास्त ठेवला तर मोटर मध्येच पायऱ्या गाळते. अलार्म येत नाही, पण तिथून पुढची सारी नक्षी बाजूला सरकलेली निघते. मोठ्या यंत्रांतल्या सर्वो मोटरला एन्कोडर असतो. ती मागे पडली तर यंत्र लगेच थांबते.

अलार्म काय सांगतो आणि काय सांगत नाही?

अलार्म लक्षण सांगतो, कारण सांगेलच असे नाही. फानुकच्या अनेक कंट्रोलवर ०१० म्हणजे न चालणारा जी-कोड, ०२० म्हणजे कंसाची त्रिज्या न जुळणे, ०४१ म्हणजे टूलच्या त्रिज्येच्या भरपाईत जादा कापले जाण्याचा धोका. हे प्रोग्रॅमचे अलार्म आहेत आणि तिथे मोटर तपासण्यात अर्थ नाही. ५०० म्हणजे अक्ष हद्दीबाहेर चालला आहे. इथे यंत्र ठीक असते, बहुधा ऑफसेट किंवा शून्य चुकलेले असते. ४११ म्हणजे अक्ष हुकुमाच्या मागे पडला. तिथे खरोखर काहीतरी अडकले आहे का, ब्रेक सुटला नाही का, मोटरला वीज नीट मिळते का, हे पाहावे लागते. तरीही हा अलार्म टूल क्लॅम्पवर आदळल्यानेही येतो. रिसेट दाबण्याआधी अलार्मचा क्रमांक, चालू असलेली ओळ आणि अक्षांच्या जागा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तर दुरुस्तीवाल्याचे अर्धे काम होते.

मापातला फरक कशामुळे, हे कसे ओळखायचे?

अलार्म नाही, पण माप चुकते, अशा वेळी फरकाची जात ओळखावी. १० मिलिमीटरला ०.०१, १०० मिलिमीटरला ०.१० असा लांबीबरोबर वाढणारा फरक असेल तर पल्सचे प्रमाण किंवा स्क्रूचा पिच चुकला आहे. लांबी कितीही असो, फरक तेवढाच राहत असेल तर टूलचा व्यास, ऑफसेट किंवा बॅकलॅश. दिशा बदलल्यावरच फरक दिसत असेल तर बॅकलॅश. त्यासाठी डायल लावून अक्ष एका दिशेने आणावा, मग उलट दिशेला थोडा थोडा सरकवून काटा कधी हलतो ते पाहावे. फानुकच्या प्रचलित कंट्रोलवर ही भरपाई १८५१ या पॅरामीटरमध्ये भरतात. पण स्क्रू मधल्या भागात झिजला असेल तर भरपाईचा एक आकडा साऱ्या लांबीला लागू पडत नाही. तिथे दुरुस्तीच हवी.

सकाळपासून दुपारपर्यंत फरक हळूहळू वाढून नंतर स्थिरावत असेल तर कारण उष्णता. पोलादी स्क्रूची ५०० मिलिमीटर लांबी १० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढते. सकाळी थंड यंत्रावर सेटिंग करून लगेच उत्पादन सुरू केले तर पहिले काही जॉब आणि दुपारचे जॉब वेगळे निघणारच. यंत्र थोडा वेळ फिरवून गरम करणे हा त्यावरचा उपाय आहे. फरक कधी अधिक, कधी उणे, असा कशाशीच न जुळणारा असेल तर जॉबची पकड, सैल कपलिंग, चिप अडकणे याकडे पाहावे.

तपासणीचा क्रम कसा असावा?

नवा प्रोग्रॅम किंवा नवे सेटिंग असेल तर आधी ग्राफिकवर मार्ग पाहावा. मग टूल जॉबच्या वर ठेवून ड्राय रन घ्यावा. प्रत्यक्ष पहिला जॉब ‘सिंगल ब्लॉक’वर, म्हणजे एकेक ओळ चालवत, रॅपिड सर्वात कमी ठेवून काढावा. प्रत्येक टूल जॉबजवळ येताना यंत्र थांबवून पडद्यावरचे ‘डिस्टन्स टू गो’ पाहावे. पडदा अजून ५० मिलिमीटर जायचे आहे असे सांगतो आणि डोळ्यांना अंतर २० दिसते, तर तिथेच थांबावे. ॲक्सिडेंट टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ऑफसेट, फीड आणि इन्सर्ट एकदम बदलले आणि जॉब बरोबर आला, तर नेमके कशाने आला हे कळत नाही आणि दोष पुन्हा डोके वर काढतो. पॅरामीटर बदलण्याआधी जुना आकडा, तारीख आणि कारण लिहावे. पॅरामीटर लिहिण्याची मुभा काम झाल्यावर बंद करावी.

चूक कोणाच्या माथी?

स्पिंडल एकदा जोरात आदळला की त्याच्या बेअरिंगला इजा होते. लहान जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यात एकच व्हीएमसी असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर हप्ता आणि ग्राहकाची तारीख दोन्ही अंगावर येतात. मग नुकसान पाळीवर असलेल्या ऑपरेटरच्या नावावर टाकण्याची वृत्ती दिसते. त्याचा परिणाम उलटाच होतो. पुढच्या वेळी ऑपरेटर आदळल्याचे लपवतो, ऑफसेट गुपचूप बदलतो आणि खरे कारण सापडण्याची वाट बंद होते. टिंब राहिलेला प्रोग्रॅम एकाने लिहिलेला असतो, ईएक्सटीमधला आकडा दुसऱ्याने टाकलेला असतो, बॅटरी बदलण्याचे तिसऱ्याने टाळलेले असते. सायकल स्टार्टचे बटण दाबणारा या साखळीतला शेवटचा माणूस असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांमध्ये आणि आयटीआयमध्ये सीएनसीचे शिक्षण मिळते. मात्र प्रत्येक कारखान्यातल्या यंत्राचे सेटिंग वेगळे असल्याने उरलेले शिक्षण यंत्रासमोरच होते. पाळी बदलताना वाचली जाणारी वही, दोन ठिकाणी ठेवलेला बॅकअप आणि ‘मला शंका आहे, थांबवतो’ असे म्हणण्याची ऑपरेटरला असलेली मोकळीक, या तिन्ही गोष्टींना फारसा खर्च नाही. ज्या कारखान्यात त्या आहेत, तिथे बिघाड होत नाहीत असे नाही. पण तिथे त्याचे कारण सापडते आणि तोच बिघाड पुन्हा होत नाही.